आधी वर्णन, मग कुल

मराठी कवितेत आणि ललित गद्यात ‘रानफूल’ हा शब्द फार सहजपणे येतो. तो आला की वाचकाच्या मनात काहीतरी कोवळे, दुर्लक्षित, आपोआप उगवलेले असे उभे राहते आणि लेखकाचे काम भागते. ते फूल कोणते, त्याला पाकळ्या किती, पाने समोरासमोर की एकाआड एक, असे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही; विचारले तर ते अरसिकपणाचे ठरतात. नेमकेपणाने रसाला बाधा येत नाही हे दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ ज्यांनी लक्षपूर्वक वाचले आहे त्यांना ठाऊक आहे. पण दुर्गाबाई अपवाद. एरवी आपल्या लेखनातले रानफूल बहुधा वनस्पती नसते, अलंकार असतो.

प्रस्तुत लेखाचा विषय असेच एक रोप आहे. आमच्या महाविद्यालयाच्या आवारात, कुंपणभिंतीच्या सांदीत, सायकलतळाच्या खडीत, ग्रंथालयाच्या पायरीलगत ते बारा महिने फुललेले असते. भुईलगत पसरलेली केसाळ पाने, त्यांतून वर आलेला वीतभर उंचीचा एकच उघडा दांडा आणि त्याच्या टोकाला पिवळ्या मध्याचे, फिकट कडेचे लहानसे फूल. महाराष्ट्रात राहून हे ज्याने पाहिले नाही असा वाचक सापडणे कठीण. आम्ही दोघे मराठी विभागात शिकवतो. आमच्यापैकी एकाचे गाव सातारा जिल्ह्यात, दुसरीचे रत्नागिरीकडे. एकाच्या घरी या रोपाला ‘एकदांडी’ म्हणत, दुसरीच्या घरी ‘दगडी पाला’. वर्गातल्या मुलामुलींनी त्यात ‘कंबरमोडी’ची भर घातली. गुडघा फुटला की हाच पाला तळहातावर चोळून त्याचा रस जखमेवर पिळायचा, ही रीत मात्र दोन्ही घरांत सारखी होती.

या तीन नावांकडे जरा थांबून पाहावे असे आहे. ‘एकदांडी’ म्हणणाऱ्याने दांडा पाहिला. ‘दगडी पाला’ म्हणणाऱ्याने रोप कोठे तग धरते ते पाहिले. ‘कंबरमोडी’ म्हणणाऱ्याने, आमच्या समजुतीप्रमाणे, खोडाची ठेवण पाहिली. कारण हे खोड ताठ उभे राहत नाही, कमरेत मोडल्यासारखे भुईवर लवंडते आणि टोकाशी पुन्हा वर उठते. कार्ल लिनीअसने १७५३ मध्ये ‘स्पीशीज प्लँटॅरम’ या ग्रंथात या वनस्पतीला ‘ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स’ असे नाव दिले आणि तिचे ठिकाण म्हणून मेक्सिकोतल्या वेराक्रूझचा उल्लेख केला. ‘प्रोकंबेन्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थ पुढे लवंडलेली, भुईवर पडलेली. स्वीडनमधला एक प्राध्यापक आणि मराठी मुलखातली खुरपणी करणारी एखादी बाई या दोघांनी, एकमेकांची भाषा ठाऊक नसताना, नेमकी एकच गोष्ट टिपली. चांगले नाव हे एका ओळीचे वर्णन असते, हे आम्हांला या रोपाने शिकवले.

पण ते एकाच ओळीचे असते. नावाला एखादे लक्षण निवडून बाकीची सोडावी लागतात. वनस्पतिशास्त्रीय वर्णनाला ती मुभा नाही. त्याचा क्रम ठरलेला आहे: खालून वर, बाहेरून आत, खोडापासून फळापर्यंत. मराठी विश्वकोशाने रुळवलेल्या परिभाषेचा आधार घेऊन एकदांडीचे वर्णन करायचे तर ते साधारण असे होईल:

पसरट ओषधी, खोड सरपटणारे, पेऱ्यांवर मुळे फुटणारे, टोकाकडे उभट, राठ केसांचे. पाने समोरासमोर, आखूड देठाची, अंडाकृती ते भाल्यासारखी, तळाशी निमुळती, कडा ठळक दातेरी, दोन्ही बाजू केसाळ. स्तबक एकेकटे, १० ते ३० सें.मी. लांबीच्या दांड्यावर. छदमंडल घंटेसारखे. किरण-पुष्पके थोडी, बहुधा पाच, स्त्रीलिंगी, फिकट पिवळी ते दुधी, टोकाशी तीन दात्यांची. बिंब-पुष्पके अनेक, द्विलिंगी, पिवळी, नळीसारखी, पाच दात्यांची. कृत्स्नफळ सुमारे दोन मि.मी., गडद, रेशमी केसांचे, पिच्छसंदले पिसांसारखी.

या वर्णनात क्रियापद जवळजवळ नाही. उपमा आहेत, पण त्या शोभेसाठी नाहीत, आकार सांगण्यासाठी आहेत. ‘सुंदर’, ‘नाजूक’, ‘उपेक्षित’ यांपैकी एकही शब्द नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला असले गद्य कोरडे वाटेल. तरी यातला ‘स्तबक’ हा शब्द नीट उलगडून पाहिला की कोरडेपणाची तक्रार पुष्कळशी विरते.

स्तबक म्हणजे गुच्छ. ज्याला आपण एकदांडीचे फूल म्हणतो ते एक फूल नाहीच. तो पुष्कळ फुलांचा फुलोरा आहे. कडेची जी पाच पाने आपण पाकळ्या समजून मोजतो, त्यांतले प्रत्येक हे एक स्वतंत्र फूल असते. त्याच्या पाकळ्या जन्मतःच जुळलेल्या नसत्या तर त्या वेगळ्या दिसल्या असत्या. इथे त्यांचा एका बाजूला झुकलेला पट्टा होतो आणि टोकाशी तीन दाते तेवढे उरतात. मध्यातला पिवळा ठिपका म्हणजे दाटीवाटीने उभी असलेली इवली नळीदार फुले. प्रत्येकाला आपापला किंजपुट आहे आणि प्रत्येकाचे आपापले फळ होते. फुलाच्या तळाशी एरवी जी हिरवी संदले असतात ती इथे पिसासारख्या केसांच्या रूपात उरली आहेत. फळ पिकले की याच केसांच्या छत्रीवर ते वाऱ्याने दूर जाते. मग खाली जी हिरवी वाटी दिसते ती कोणाची? ती कोणा एका फुलाची नाही. सगळ्या समूहाला वेढणाऱ्या छदांची आहे. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, करडई, कारळा, माका, सहदेवी, गोरखमुंडी आणि पावसाळ्याच्या अखेरीस सह्याद्रीचे कडे पिवळे करणारी सोनकी ही सारी याच घडणीची. म्हणून या कुलाचे जुने नाव ‘कंपॉझिटी’, म्हणजे एकत्र रचलेल्यांचे कुल. ‘ॲस्टरेसी’ हे नाव पुढे रूढ झाले. आज नामकरणाच्या नियमांनुसार दोन्ही ग्राह्य आहेत. सुमारे १,६०० प्रजाती आणि २४,००० हून अधिक जाती असलेले हे सपुष्प वनस्पतींतील अतिशय मोठ्या कुलांपैकी एक आहे.

गेली काही वर्षे आम्ही पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला एक स्वाध्याय देतो. आवारातले कोणतेही एक रोप निवडायचे आणि दोनशे शब्दांत त्याचे वर्णन लिहायचे. अटी चार: रोपाचे नाव लिहायचे नाही, उपयोग सांगायचा नाही, भाव सांगणारे विशेषण वापरायचे नाही आणि वर्णन वाचून दुसऱ्या विद्यार्थ्याला ते रोप शोधता आले पाहिजे. वनस्पतिशास्त्र विभागातून हातभिंगे मागून आणतो. पहिली दहा मिनिटे कोणी काही लिहीत नाही. मराठीच्या विद्यार्थ्याला लिहिता येत नाही असे नव्हे. लिहिण्याआधी पाहावे लागते ही अडचण असते. पुढे हळूहळू मोजणी सुरू होते. एकदांडी घेऊन बसलेल्या एका गटात एकदा वाद झाला. एकाच्या फुलाला पाच ‘पाकळ्या’, दुसऱ्याच्या सहा, तिसरीच्या चार. खरे कोणाचे? तिघांचेही खरे होते. वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी ‘बहुधा पाच’ असे लिहायला सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले की, शास्त्रात ‘बहुधा’ चालते का. चालते, तेथे तो शब्द फार जबाबदारीने वापरला जातो. अनेक नमुने पाहिल्यावर आणि अपवाद लपवायचा नाही असे ठरवल्यावर जो उरतो तो ‘बहुधा’. समीक्षेत आपण हा शब्द फारच कमी वापरतो, किंवा वापरतो तेव्हा पुरेसे नमुने पाहिलेले नसतात.

वर्णनातून वर्गीकरण कसे निघते हेही या रोपावरच पाहता येते. बिंब-पुष्पकाच्या आत भिंगातून पाहिले तर परागकोश एकमेकांना कडेने चिकटून त्यांची एक नळी झालेली दिसते. पराग या नळीच्या आतल्या बाजूला सांडतात. मग किंजल खालून वाढत येतो, ते पराग पुढे ढकलीत नळीबाहेर आणतो आणि त्यानंतरच आपल्या दोन शाखा उघडतो. लिनीअसने आपल्या पद्धतीत केसरांवरून वनस्पतींचे चोवीस वर्ग पाडले; परागकोश जुळलेल्या वनस्पतींचा एकोणिसावा वर्ग होता. ही पद्धत सांगताना त्याने पती, पत्नी, विवाह अशा शब्दांची रूपके मुक्तपणे वापरली आणि त्यामुळे काही सनातनी मंडळी खवळली. योहान सीगेसबेक हा त्यांतला कडवा टीकाकार. या पद्धतीवर त्याने अनीतीचा आरोप केला. आज त्याचे नाव प्रामुख्याने उरले आहे ते ‘सिगेसबेकिया’ या प्रजातीच्या नावात. लिनीअसच्याच ग्रंथातले हे एक तणवजा, चिकट ग्रंथींचे रोप आहे, एकदांडीच्याच कुलातले. आपल्या घाटांतही ते आढळते. नावामागे सूड होता की नव्हता हा वाद अभ्यासकांवर सोडू. टीकाकारांच्या व्यवसायात असलेल्या आम्हां मंडळींना ही कथा अंतर्मुख करते, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

लिनीअसचे चोवीस वर्ग आज कोणी वापरीत नाही. केवळ केसर मोजून केलेली ती विभागणी सोयीची होती, नात्याची नव्हती. त्यानंतरची वर्गीकरणेही बदलत गेली. एकदांडीला दीर्घकाळ सूर्यफुलाच्या जमातीत बसवले जाई. अलीकडे जनुकीय पुराव्यांच्या आधारे ती मोठी जमात विभागली गेली आणि एकदांडी ‘मिलेरीई’ या जमातीत गेली. सहदेवीची कहाणी याहून बोलकी आहे. १७५३ मध्ये लिनीअसने तिला ‘कोनायझा सिनेरिया’ म्हटले. १८२९ मध्ये ती ‘व्हर्नोनिया सिनेरिया’ झाली. १९९० मध्ये ‘सायँथिलियम सिनेरियम’. आपल्याकडच्या आयुर्वेदाच्या पुस्तकांतून ती अजूनही बहुधा व्हर्नोनियाच असते. घर दोनदा बदलले, पण ‘सिनेरिया’, म्हणजे राखी रंगाची, हा शब्द लिंगभेदापुरता बदलून तसाच सोबत राहिला. त्या काळच्या कोणी तरी ते रोप नीट पाहून त्याच्या राखट लवेची नोंद केली होती, म्हणून तो टिकला. वर्गीकरण हा अनुमानाचा भाग. नवा पुरावा आला की ते बदलते आणि बदलायलाच हवे. वर्णन नेमके असेल तर ते पुढच्या वर्गीकरणालाही उपयोगी पडते.

याउलट, ज्या विभागण्या आपण रोज वापरतो त्या वर्णनावर उभ्याच नसतात. ‘तण’ ही वनस्पतिशास्त्रातली कोटी नाही. नको तेथे उगवलेले ते तण, हा शेतमालकाचा निवाडा आहे. ‘गाजरगवत’ हे नाव घ्या. पार्थेनियम हे गाजर नाही आणि गवतही नाही. तेही एकदांडीचेच कुलबंधू आहे. पुण्यात १९५० च्या दशकात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. त्याच्या संसर्गाने त्वचारोग आणि दमा होतो, म्हणून त्याच्याविषयीची नाराजी समजण्यासारखी आहे. पण मेक्सिको-मध्य अमेरिकेकडून एकदांडीही आलीच. एकीला आपण ‘परदेशी आक्रमक’ म्हणतो आणि दुसरीचा पाला आजी जखमेवर पिळते. मराठीतही असेच झाले आहे. ‘बटाटा’, ‘चावी’, ‘पगार’ हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द कोणाला परके वाटत नाहीत. ज्याला लोकांनी घरचे नाव दिले ते घरचे होते. कोण परके आणि कोण आपले हे फुलाच्या रचनेवरून कळत नाही. ते आपल्या आणि त्याच्या सहवासाचा इतिहास ठरवतो.

आता ज्या कारणाने हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. वर्गीकरणाची मराठी परिभाषा पाहा: वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. यांतला एकही शब्द निर्विकारपणे उच्चारता येईल असा आपला समाज नाही. विश्वकोशात ‘जाती’ हा शब्द ज्या अर्थाने येतो, त्या अर्थी वृत्तपत्रे आता सर्रास ‘प्रजाती’ लिहितात. शास्त्राच्या दृष्टीने तो घोटाळा आहे, पण त्यामागचा संकोच आम्हांला कळतो. आमच्या परिचयातल्या एका विद्यार्थिनीच्या कविता एका महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात छापून आल्या. संपादकांनी कवितांचे विभाग पाडले होते आणि तिच्या दोन्ही कविता ‘दलित कविता’ या विभागात घातल्या होत्या. एक कविता गणिताच्या पेपराच्या आदल्या रात्रीविषयी होती. दुसरी, आईच्या शिवणयंत्राच्या आवाजाविषयी. विभाग ठरवताना कविता कोणत्या लक्षणांवरून तेथे गेल्या, हे संपादक मंडळातल्या कोणालाच सांगता येईना. आडनाव वाचले गेले होते, एवढाच त्याचा अर्थ. ती आमच्याकडे आली तेव्हा चिडलेली नव्हती. तिचे म्हणणे एवढेच होते की, तो शब्द तिला नको आहे असे नाही, तो तिच्या घरचा शब्द आहे. पण तो लावण्याआधी कोणीतरी कविता वाचायला हवी होती.

तिने केलेला हा भेद फार महत्त्वाचा आहे. ‘दलित साहित्य’ ही संज्ञा बाहेरून कोणी चिकटवलेली चिठ्ठी नव्हे. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले, तेव्हा लेखकांनी स्वतःहून उभारलेली ती ओळख होती. त्या नावाने आपल्याला जे दिसत नव्हते ते पाहायला लावले. चांगले वर्गीकरण हेच करते. एखादे अनोळखी रोप एकदांडीच्या कुलातले आहे एवढे कळले, तरी आत काय शोधायचे हे कळते: जुळलेले परागकोश पाहा, तळाचा किंजपुट पाहा, पिच्छसंदले आहेत की नाहीत ते पाहा. कुलाचे नाव ही पुढच्या पाहण्याची सुरुवात असते. त्या अंकात नेमके उलटे झाले. कुलाचे नाव मिळाले आणि पाहणे थांबले.

आपल्या अभ्यासक्रमांत हे रोज घडते. ग्रामीण, दलित, स्त्रीवादी, आदिवासी, महानगरी असे प्रवाह आपण शिकवतो, आणि ते शिकवायलाच हवेत. पण उत्तरपत्रिका तपासताना दिसते की, कवीचे नाव वाचल्याबरोबर विद्यार्थी त्याचा प्रवाह आठवतो, प्रवाहाची पाच वैशिष्ट्ये आठवतो आणि ती पाच वैशिष्ट्ये कवितेत ‘दिसून येतात’ असे लिहितो. कवितेत सहावे काही असले तर ते कोणाला दिसत नाही. पाचांतले एखादे नसले तर तेही कोणी सांगत नाही. वनस्पतिशास्त्रात एखाद्याने रोप न पाहता कुलाची लक्षणे उतरवून काढली तर त्याला वर्णन म्हणत नाहीत. तिथला क्रम स्पष्ट आहे: आधी नमुना, मग वर्णन, मग तुलना, मग कुल. आणि नमुना जपून ठेवलेला असतो, कारण उद्या कोणीतरी येऊन ठरवलेले कुल चुकीचे आहे असे म्हणू शकेल.

वनस्पतीच्या वर्णनाची पद्धत कवितेला जशीच्या तशी लावता येईल असा आमचा दावा नाही. एकदांडीला स्वतःविषयी काही म्हणायचे नसते. त्या मुलीला होते, आणि तिच्या म्हणण्याला तिच्या कवितेच्या वर्णनात जागा द्यावी लागते. शिवाय शास्त्रीय वर्णनात जखमेवर पिळलेला रस येत नाही, आजीचा हात येत नाही. साहित्याला ते वगळून चालणार नाही. तरी पाहण्याची शिस्त दोन्हीकडे एकच आहे, आणि ती आपल्याकडे सैल झाली आहे.

आमच्या विभागात अंतर्गत मूल्यमापनासाठी आता एक प्रश्न असा ठेवतो: एक कविता, कवीचे नाव, काळ, प्रवाह काहीही न देता, आणि खाली एवढेच की, या कवितेत काय काय आहे ते सांगा. ओळी किती, कोण बोलते आहे, कोणाशी, क्रियापदे कोणत्या काळातली, कोणता शब्द दोनदा येतो, कोणती वस्तू नाव घेऊन येते. उत्तरे लहान येतात. पहिल्या वर्षी मुले गोंधळतात, पाठ केलेले कुठे लिहावे ते कळत नाही. मागच्या खेपेला एका विद्यार्थ्याने चार ओळींचे उत्तर लिहून शेवटी कवितेतली बोलणारी व्यक्ती ‘बहुधा’ स्त्री असावी असे म्हटले होते आणि पुढे कंसात दोन शब्दांचा आधार दिला होता. आम्ही त्याला पूर्ण गुण दिले.